विलायती तंगूस

तारकर्ली,
सोमवार, २६ सप्टेंबर २००५

चि. संजना,

बाबांचे आशीर्वाद. तुझी आई बरी, मी बरा, आणि मांजर आम्हा दोघांपेक्षा बरं, कारण रापणीला बांगडा लागायला लागलाय. अक्षर मोठं दिसेल. पेन नवीन आहे, हाताला बसलेलं नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आईने मोठ्याने वाचून दाखवलं. ती वाचते तेव्हा मला ऐकायला आवडतं, म्हणून हल्ली पत्रं तीच वाचते. तू म्हणतेस फोन करा. पण शेजारच्या तुळसाच्या घरी जाऊन फोनवर बोलणं म्हणजे अख्ख्या वाडीसमोर भाषण करणं. मागे तू तिला नुसतं विचारलंस की बाबांचा खोकला कसा आहे, तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून अडुळशाचा पाला आला. त्यापेक्षा पत्र बरं. सातवी पास माणूस आहे मी.

गणपतीत तू पाचच दिवस राहिलीस, पण घर भरल्यासारखं झालं. निघताना एसटी चुकणार म्हणून जी तारांबळ केलीस तिच्यात तुझा टॉवेल राहिला, नारळाच्या वड्या राहिल्या, आणखीही काय काय राहिलं. टॉवेल आईने धुऊन ठेवलाय. वड्या मी खाल्ल्या.

रापणीचं म्हणशील तर सुरुवात बरी झाली. पाणी बघायला अजून मीच उभा असतो. वाळूवर उभं राहून पाण्याचा रंग बघायचा, बांगड्याची झुंड कुठे आहे ते ओळखायचं आणि डोक्याचं फडकं हलवायचं. मग होडी जाळं घेऊन सुटते आणि पन्नास माणसं दोर ओढतात. माझ्या एका फडक्यावर पन्नास घरांची कालवणं, असं रापणीवरचा गुणाजी म्हणतो. गेल्या आठवड्यात मात्र दोनदा जाळं रिकामं आलं. यंदा पाणीच गढूळ आहे.

तू डब्याबद्दल लिहिलंस, की बिस्किटाचा पत्र्याचा डबा घाईत फळीवर राहिला, त्यात तुझ्या प्रयोगाचा काचेचा धागा आहे, दसऱ्यानंतर येऊन नेते, तोवर जपून ठेवा. तर डबा आहे. फळीवरच आहे. झाकण घट्ट आहे. डब्याची काळजी करू नकोस.

एक सहज विचारतो. तुझ्या कामाला तो धागा किती लागतो गो? सगळाच्या सगळा लागतो, की थोडक्यात भागतं? गुणाजी विचारत होता.

आईचे आशीर्वाद. जेवण वेळेवर कर.

तुझे बाबा,
सत्यवान


तारकर्ली,
रविवार, ९ ऑक्टोबर २००५

चि. संजना,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, आणि वाचून झाल्यावर पाणी पी.

गुणाजीने काही विचारलं नव्हतं. त्याला काचेचा धागाही माहीत नाही आणि तुझा प्रयोगही माहीत नाही. मीच विचारत होतो. चोराच्या मनात चांदणं.

आता घडलं तसं लिहितो. गणपतीत आईने तुला विचारलं की या डब्यात काय आहे. तू पुरणाच्या गडबडीत होतीस. हसून म्हणालीस, "आये, तो आमचो तंगूस." झालं. तू पुण्याला गेलीस आणि आईने मला सांगितलं, "चेडवान पुण्यासून तंगूस हाडल्यान." मला वाटलं, पोरीने बापासाठी गरीचा धागा आणला. कुठल्या बापाला वाईट वाटेल? दोन दिवस मी डब्याला हातसुद्धा लावला नाही, इतका मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन खाडीवर गेलो.

बोटांना तो तंगुसासारखाच लागला. बारीक, गुळगुळीत, सोडला की उसळी घेणारा. म्हटलं, हा विलायती माल दिसतो. गरीला गाठ मारली, आवळली, आणि टक्कन तुटला. वाटलं, माझी बोटं म्हातारी झाली. दुसरा तुकडा घेतला, पुन्हा टक्. वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून मावेल एवढा, कापायचा, गाठ मारायची, तोडायचा. मला हट्ट पेटला. तंगुसाला मी ज्या शिव्या घातल्या त्या लिहीत नाही, आईला विचार, तिला पाठ आहेत. दहा वाव होता. संध्याकाळपर्यंत नऊच्या जवळपास गेला.

मग तुझं पहिलं पत्र आलं. आई वाचत होती आणि मी चहाची कपबशी खाली ठेवली. नंतर आईनेच डबा उघडून बघितला. झाकणाच्या आत तू चिकटवलेली चिठ्ठी होती. "बाबा, हा मासे धरायचा तंगूस नव्हे. हात लावू नका." एवढं स्पष्ट तू लिहिलं होतंस. माझा चष्मा तेव्हा घरात होता आणि मी खाडीवर. नाहीतर वाचलंच असतं.

आता तुझं दुसरं पत्र परवा आलं, आणि त्यात तू कसलाच संशय न घेता सगळं उलगडून लिहिलंस. ते आईकडून मी चार वेळा वाचून घेतलं. आई कंटाळली, मी नाही. केसाएवढा जाड धागा, आणि त्याच्या पोटात पोकळी. पोकळीच्या भोवती काचेच्याच बारीक नळ्यांची जाळी, आणि त्या जाळीमुळे उजेड पोकळीतून बाहेर पडू शकत नाही. संजना, जन्मभर मी जाळी विणली. बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं बारीक मासा धरतं, एवढं मला कळतं. पण उजेड धरणारं जाळं माणसाने विणलं, आणि ते मी मांडीवर घेऊन गाठी मारत बसलो होतो.

पुढे तू लिहिलंस की त्या पोकळीत हायड्रोजन भरायचा आणि एका टोकाने हिरवा उजेड सोडायचा. उजेड वायूच्या कणांना थोडी शक्ती देतो, ते थरथरायला लागतात आणि ती शक्ती दिल्यामुळे उजेडाचाच रंग बदलतो. हिरवा गेला तो लाल होऊन निघतो. आपल्याच देशातल्या रामन यांनी शोधलेली गोष्ट. एरवी लाखांत एखाद्याच किरणाचं असं होतं, पण पोकळीत उजेड आणि वायू कोंडून एकमेकांना चिकटून चालतात, मग एकाने ताल धरला की बाकीचे सगळे त्याच तालावर येतात. हे मी बरोबर लिहिलं का? आई म्हणते, एवढं तर तुम्ही लग्नातले मंत्रपण लक्षात ठेवले नाहीत.

पण त्याच पत्रात शेवटी तू लिहिलंस की हा लाल कुणाला पाहिजे तेव्हा आणता येत नाही, तो आपल्या मर्जीने बोलावणं आणि परत पाठवणं हेच तुझं काम आहे. आणि दिवाळीनंतर हिरवा उजेड सोडणारा तो लेसर दुसऱ्या गटाकडे जाणार, त्याआधी झालं तर झालं, नाहीतर तुझं वर्ष फुकट. तुझ्या सरांच्या ओळखीने परदेशातून आलेला हा एकच धागा, दुसरा मागवला तर सहा महिने. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

अंगण आणि खाडीकाठ आम्ही दोघांनी चाळणीने चाळला. दोन-दोन वितींचे तुकडे मिळाले, पण तू लिहिलंस तसं पोकळ आहे म्हणजे पाणी आत ओढून घेतलं असणार. ते निकामी. फिरकीवर राहिलाय तो एक वाव आणि वर एक हात. तो कोरडा आहे, त्याला मी तांदळात ठेवलाय.

पोस्टावर माझा भरवसा नाही. दसरा झाला की गुरुवारी मी स्वतः घेऊन येतो. तुला जे बोलायचं ते समोर बोल, मी खाली मान घालून ऐकेन.

तुझे बाबा,
सत्यवान


तारकर्ली,
रविवार, २३ ऑक्टोबर २००५

चि. संजना,

आशीर्वाद. काल सकाळी सुखरूप पोचलो. येताना मांडीवर डबा नव्हता तर हात कुठे ठेवायचे कळेना. जाताना रात्रभर तो डबा मी असा धरला होता की शेजारच्या माणसाने विचारलं, अस्थी आहेत का. मी म्हटलं, अजून नाही.

तू रागावली नाहीस. स्टँडवर आलीस, डबा घेतलास आणि म्हणालीस की चूक माझी, तंगूस मीच म्हटलं. मी रस्ताभर जी उत्तरं तयार केली होती ती सगळी वाया गेली. त्यापेक्षा तू ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

तो आठवडा मी विसरणार नाही. वाडीत सगळे विचारतात, पुण्यात काय बघितलंत. शनिवारवाडा बघितलात? सारसबाग? मी सांगतो, एका खोलीत स्टुलावर बसलो होतो. गुणाजीला वाटतं माझं डोकं फिरलं.

पहिल्या दिवशी तू धाग्याचं टोक कापलंस, यंत्राखाली बघितलंस आणि नुसती मान हलवलीस. टोक वाकडं, पुन्हा कापायचं. काप सरळ आला नाही तर उजेड पोकळीत शिरतच नाही, असं रविराज सरांनी मला समजावलं. तुझे सर चांगले. मला कोपऱ्यात हाकललं नाही, उलट स्टूल पुढे ओढून दिलं. दर कापाला चार बोटं धागा जायचा आणि मी मनात उरलेला मोजायचो. एक वाव एक हात होता, त्याचा एक वाव झाला, मग तीन हात झाला. दोन्ही टोकं पितळी डब्यांत बसवलीत, वायू भरलात, तर एका जोडातून गळायला लागला. पुन्हा सोडवा, पुन्हा कापा. बुधवारी दीड हात उरला तेव्हा तू कपाळाला हात लावून बसलीस. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आपल्या हाताने घालवलेले नऊ वाव मला तिथे दिसत होते.

गुरुवारी दुपारी मात्र तू काही बोलली नाहीस. तू बोलत नाहीस तेव्हा तुझं काम नीट चाललेलं असतं, लहानपणीही शिंपले ओवताना असंच होतं. हिरवा उजेड सोडलास. पलीकडे धाग्यातून निघालेला उजेड तिकोनी काचेतून भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर. हिरवा ठिपका काळ्या पत्र्याने अडवलेला, म्हणजे दुसरं काही आलं तर दिसावं. काहीच नव्हतं. तू जोर थोडा वाढवलास, काही नाही. अजून थोडा. अजून केसभर. आणि एकदम कागदावर लाल.

संजना, मी समुद्रावर वादळं बघितलीत, माडाएवढी लाट बघितली. पण असं काही बघितलं नाही. हळूहळू उजाडावं तसा तो आला नाही. आत्ता नव्हता आणि आत्ता होता. कुणी रंग घातला नाही, दिवा बदलला नाही. हिरवा आत गेला, दीड हात पोकळीतून चालला आणि लाल होऊन बाहेर आला, आणि मध्ये नुसता वायू, जो डोळ्यांना दिसतही नाही. माझ्या अंगावर काटा आला. देवळात मी देवाला नेहमी काहीतरी मागतो. त्या खोलीत काही मागावंसं वाटलं नाही, नुसतं बघत राहावंसं वाटलं.

मग तू माझा हात धरून उजेडाच्या वाटेतल्या त्या गोल चकतीवर ठेवलास. "बाबा, तुमी फिरवा," म्हणालीस. मी फिरवली. लाल विझला. उलटी फिरवली, लाल आला. सर म्हणाले की चकती एका बाजूला असली की वायूचे कण ताणले-आवळले जातात आणि लाल निघतो, दुसऱ्या बाजूला असली की तेच कण गरगर फिरायला लागतात, मग लाल नाही, हिरव्याच्याच जवळचा वेगळा रंग. म्हणजे मी तारकर्लीचा सत्यवान, सातवी पास, दोन बोटांनी त्या न दिसणाऱ्या कणांना सांगत होतो, आता ताणा, आता फिरा, आणि ते ऐकत होते. मी चौदा वेळा फिरवली. तू मोजत होतीस, मला माहीत आहे.

मी सरांना विचारलं होतं, की सगळे कण एका तालावर येतात ते ठीक, पण पहिला ताल कोण धरतो? सर म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही. कुठलातरी एक कण आपणहून सुरुवात करतो, त्याला कुणी सांगत नाही. मी मोठा श्वास सोडला. चाळीस वर्षं मी बांगड्याची झुंड वळताना बघितली. हजारो मासे एका क्षणात वळतात, पण पहिला कुठला वळला ते मला कधी दिसलं नाही. मला वाटायचं, माझीच नजर कमी पडते. आता कळलं की तुमच्या एवढ्या यंत्रांनाही तो दिसत नाही.

आणि आता नजरेवरच आलोय तर पुढचं लिहितो. पत्र इथेच संपवलं असतं तर गोड झालं असतं.

लाल आला तेव्हा तुझे सर एकदम वाकले आणि कागदाच्या दुसऱ्या कडेला बोट दाखवलं. तूही वाकलीस. तुझा चेहरा तसाच झाला, जसा लहानपणी तुला पहिला शंख सापडला तेव्हा झाला होता. सर म्हणाले, लाल तो ज्याने वायूला शक्ती दिली, आणि हा निळा तो ज्याने थरथरणाऱ्या वायूकडून ती घेतली, गेला त्यापेक्षा जास्त घेऊन बाहेर आला. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "बाबा, निळो दिसता?"

मी म्हटलं, "दिसता गो."

नाही दिसला. त्या कडेला माझ्यासाठी नुसता मळका कागद होता.

तीन वर्षं झाली. आधी समुद्राचा निळा गेला. पाणी मला चहासारखं दिसतं, आभाळ जुन्या धोतरासारखं. लाल दिसतो, पिवळा दिसतो, निळा गेला. अक्षर मोठं येतं ते पेनामुळे नाही. खाडीवर चष्मा नव्हता हेही खोटं, चष्मा नाकावर होता. झाकणाखालची तुझी चिठ्ठी मला नुसता पांढरा कागद दिसला, वाटलं दुकानाचं लेबल असेल. तुझा धागा माझ्या बोटांनी नाही तोडला, माझ्या खोटेपणाने तोडला. आणि रापणीचं जाळं दोनदा रिकामं आलं ते पाणी गढूळ होतं म्हणून नाही. मी पक्षी बघून, शेजारच्या माणसाचा श्वास ऐकून फडकं हलवत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं करत पन्नास घरांना मी फसवलं. ज्या माणसाची किंमतच त्याच्या डोळ्यांत, त्याने डोळे गेले म्हणून कसं सांगायचं? तुला कळलं तर शिक्षण सोडून येशील, याचीही भीती होती. पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण लाज.

काल घरी येऊन आधी आईला सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वरही न करता म्हणाली, "माका म्हायत आसा. म्हणान तर पत्रां मी वाचतंय." तीन वर्षं ही बाई मोठ्याने वाचत राहिली आणि एका शब्दाने मला उघडं पाडलं नाही. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. तुला लिहायला हरकत नाही.

आज सकाळी रापणीवर गेलो आणि डोक्याचं फडकं सगळ्यांसमोर गुणाजीच्या हातात दिलं. कारण सांगितलं. गुणाजीने फडकं डोक्याला बांधलं. मग गुणाजी मला म्हणाला, "तू दोर धर." मी दोर धरला. पन्नासांत एक होऊन ओढायला इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

कुडाळच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच मोतीबिंदू सांगितला होता, मीच घाबरून ऑपरेशनला गेलो नाही. आता दिवाळी झाली की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, महिन्याने उजव्याचं. तू सुट्टी काढून येऊ नकोस. आई आहे. लेसर जाईपर्यंत तुझे जेवढे दिवस राहिलेत तेवढे त्या खोलीत घालव.

एकच मागणं आहे. तो दीड हात धागा आता कापू नकोस. लेसर दुसऱ्यांकडे गेला तर जाऊ दे, मी त्यांच्या दाराशी जाऊन त्यांना विनवीन, मासे घेऊन जाईन, पण डोळे झाले की एकदा मला पुन्हा त्या स्टुलावर बसव. चकती तू फिरव. मी कागदाची दुसरी कड बघत बसेन. मग मला पुन्हा तेच विचार, आणि मी काय दिसतं ते खरं सांगेन.

निळा बघायचा राहिलेला
तुझा बाबा,
सत्यवान